चार एमएमची तार

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत ढाणकीतले लोक पंख्याचं कंडेन्सरसुद्धा बदलत नव्हते. पातं हातानं फिरवून पंखा सुरू करत. अशा दिवसांत भगवानराव गुरुजींच्या पुण्यातल्या मुलानं दीड टनाचा एसी पाठवला आणि अख्ख्या आळीला वेड लागलं. खोकं उतरवायला सात जण, सल्ला द्यायला सतरा!

जोडणीचं काम गुरुजींनी ममताला दिलं. उमरखेडला वायरमनचं शिकून आलेली गावातली ही पहिली बाई. त्या दिवशी ती घरी चालत गेली की उडत, तिचं तिलाच ठाऊक नाही. हत्यारांच्या पिशवीचा बंद तुटलेला, म्हणून पिशवी काखेत मारून ती सासूपुढं उभी राहिली.

कौसल्याबाई शिलाई मशीनवर बसलेल्या. त्यांना आता सुईचं नाकं दिसत नसे, मशीन सुनेनं चालवावं हा त्यांचा जुना हट्ट. "हे एक काम कर," त्या म्हणाल्या. "एसी चालला तं तू वायरमन. गावापुढं हसं झालं, तं हे मशीन हाये अन् तू हायेस."

ममताला शिवणकामाचा इतका कंटाळा की सुई पाहिली तरी जांभई यायची. तरीही ती "कबूल" म्हणून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे पुंडलिकराव हजर. गावातले विहिरींवरच्या मोटारींचे जुने मिस्त्री, तोंडात सुपारी. तारेचं बंडल चाचपत म्हणाले, "एवढी जाड तार कायले वं, पोरी? घरातली दीड एमएमचीच चालते. वर बत्तीस अँपिअरचा ब्रेकर मार, जिंदगीत पडत नाही."

"काका, ब्रेकर तारेले वाचवासाठी असते. दीडच्या तारेवर बत्तीसचा लावला, तं तार जळन अन् ब्रेकर पाहत राहीन."

"शिकलेली हाये बाबा!" म्हणून ते हसले. ममताला राग आला, पण हात थांबले नाहीत. मीटरपासून थेट चार एमएमची तांब्याची तार, तिच्यावर वीसचा ब्रेकर, आणि एसीशिवाय दुसरं काहीही नाही. तिचा हिशेब पक्का होता.

उद्घाटनाच्या दिवशी लोडशेडिंग चारपर्यंत. सगळं जोडून ममता दुपारी जेवायला घरी गेली आणि सासूला घेऊन परतली. तोवर गुरुजींनी एसीला हार घातला होता, रिमोटला कुंकू लावलं होतं. खोलीत तीस माणसं दाटीवाटीनं बसलेली. सदाशिवरावांनी तर भर मे महिन्यात कानाला मफलर गुंडाळला होता, सर्दी नको म्हणून!

चारला वीज आली. गुरुजींनी बटण दाबलं. "आलं! गार आलं!" लोक हात वर करून वारा झेलू लागले. ममताला वाटलं, उठून नाचावं.

पाच मिनिटं झाली आणि टक्! एसी बंद.

"लाईन गेली काय?" पण बल्ब तर चालू होता. तीस माणसांनी ममताकडे पाहिलं. तिनं ब्रेकर उचलला. थोड्या वेळानं पुन्हा टक्! कुणीतरी खी-खी हसलं. कौसल्याबाई पदर सावरत उठल्या.

पुंडलिकरावांनी पक्कड काढली. "सरक पोरी. ब्रेकर काढून सरळ जोडून देतो."

"हात लावाचा नाही!" ममता बोर्डाला पाठ लावून ओरडली. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात आकडे पळत होते. एसी खातो आठ अँपिअर, ब्रेकर वीसचा. मग उरलेलं कोण खातंय?

ती तारेवरून हात फिरवत निघाली, मागं सगळी वरात. मागच्या भिंतीपाशी काळ्या टेपचा ताजा जोड सापडला. त्यातून निघालेली तार खिडकीतून अंगणात उतरली होती. अंगणात दोन इलेक्ट्रिक शेगड्या अजून लालबुंद, आणि गुरुजींच्या लीलाबाई भजी तळत होत्या.

"गॅस संपला ना बाई," लीलाबाई झारा धरून म्हणाल्या. "पुंडलिकभाऊंनी दुपारी जोडून देल्या."

आता तीस माणसांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. "काहून? वावरात एकाची जाड केबल पडली का चार जणांच्या मोटारी तिच्यावरच चालतात," ते मनापासून म्हणाले. "एवढी जाड तार पाहून मले वाटलं, सगळ्याइची हाये!"

ममताला हसू आवरेना. "काका, दोन शेगड्या अन् एसी मिळून झाले सव्वीस. वीसचा ब्रेकर पडला म्हणून तार वाचली. तुमच्या दीडच्या तारेवर बत्तीसचा असता तं?"

पुंडलिकरावांनी जोडाला बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागं घेतलं. मग मेन बंद करून त्यांनी स्वतःच शेगड्यांची तार जोडापाशी कापली आणि तिथं नीट टेप गुंडाळली. "पोरी, तू म्हणतेस ते खरं हाये," ते सगळ्यांसमोर म्हणाले. एसी पुन्हा लागला तो बंद झालाच नाही. अर्धीकच्ची भजी लोकांनी गारव्यात बसून फस्त केली, आणि सदाशिवरावांनी मफलर अभिमानानं आवळला.

घरी जाताना कौसल्याबाई झपझप पुढं चालल्या. ममता हुरळलेली, पण सासूच्या पाठीकडे बघून तिला धाकधूक होत होती. घरात शिरताच कौसल्याबाई मशीनपाशी वाकल्या आणि चाकावरचा चामडी पट्टा ओढून काढला.

"आई, काय करून राह्यल्या?"

"आण ते पिशवी." त्यांनी तुटक्या बंदाच्या जागी पट्टा ओवला, गाठ मारली आणि पिशवी सुनेच्या खांद्यावर अडकवली.

"अन् मशीन?"

"बिनापट्ट्याचं मशीन कुठं चालते वं?" कौसल्याबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.