दुसऱ्या बाजूची शांत जागा

नवऱ्याला मला मारायचं असलं की तो आधी रेकॉर्ड लावायचा.

दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या भिंती म्हणजे पापड. म्हणून तो आवाज मोठा करायचा आणि मगच हात उचलायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी जर्मन संगीताच्या साथीनं खाल्ला. शेजारच्या काकू मला जिन्यात म्हणायच्या, "तुमच्याकडे बिल्कुल पार्टीसारखं गाणं चालू असतं हं!"

देशाचा बाजार परदेशी मालाला नुकता खुला झाला होता. नोएडातल्या त्याच्या कारखान्यात जर्मन मशिनं आली आणि ती शिकायला त्याला जर्मनीला पाठवलं. निघताना तिथल्या फोरमननं ही जुनी रेकॉर्ड भेट दिली. जॅझ आणि रॉक एकत्र वाजवणारा तिकडचा अगदी सुरुवातीचा एक बँड, आणि ही त्यांची पहिलीच रेकॉर्ड. नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ड्रम दणादण वाजतात, एवढंच त्याला पुरेसं होतं. गाढवाला गुळाची चव काय!

मला मात्र ती रेकॉर्ड आवडायची. हे सांगताना आजही संताप येतो. तो नोकरदारांच्या चार्टर्ड बसनं कामावर गेला की मी तीच हळू आवाजात लावायचे. लहानपणी गाणं शिकले होते, कान तयार होता. सॅक्सोफोन चिडून बोलायला लागायचा, ड्रमवाला त्याला अडवायचा, दोघं हमरीतुमरीवर यायचे आणि भांडता भांडता नेमके एकत्र समेवर उतरायचे. पहिलीच रेकॉर्ड, त्यामुळे येत होतं ते सगळं त्यांनी ओतलं होतं. मारामारी तिथंही होती, पण दोघंही मारत होते. मला ते फार बरं वाटायचं.

दुसऱ्या बाजूला, पहिल्याच तुकड्याच्या मध्यावर, सगळे एकदम थांबतात. एक मोठा श्वास घेऊन सोडावा इतका वेळ काहीच वाजत नाही. मग सॅक्सोफोन एकटाच, खालच्या सुरात परत येतो. नवऱ्याला ही जागा ठाऊक नव्हती. तो नेहमी पहिली बाजू लावायचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी काकूंचं हळदीकुंकू होतं. दिल्लीच्या थंडीत त्या ते उन्हात, गच्चीवर करायच्या, आणि आमचं घर बरोबर गच्चीखाली. काकू बंद दाराबाहेरून हाक मारून गेल्या, "चल गं, सगळ्या आल्यात!"

"हा काळा डोळा घेऊन वर जाणार?" नवरा म्हणाला.

"जाणार," मी म्हटलं.

त्यानं न बघताच सुई टेकवली. आदल्या दिवशी मी दुसरी बाजू ऐकून तशीच ठेवली होती. पहिल्या थपडेनं कान बधिर झाला, तरी सूर ओळखला. त्यानं केस धरून डोकं कपाटावर आपटलं. मी गप्प. खाली पडले तशी बरगडीत लाथ बसली. तरी गप्प. ड्रम चालू असताना ओरडून काय उपयोग? जागा जवळ येत होती. मी छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला.

सगळे थांबले.

"काकू, हा मला मारतोय!"

त्याचा हात वरच राहिला. तो माझ्याकडे नाही, रेकॉर्ड प्लेअरकडे बघत होता. जिन्यात चपला धडधडल्या. मी सरपटत जाऊन कडी काढली.

कपाळभर हळदीकुंकू लावलेल्या बायका आत घुसल्या. काकूंनी माझं तोंड पाहिलं, हातातलं तबक टेबलावर ठेवलं आणि त्याला अशी सणसणीत ठेवून दिली की तो सोफ्यावर बसला.

"आधी ते बंद करा गं!" काकू ओरडल्या.

"नको काकू. राहू दे."

सॅक्सोफोन अजून एकटाच होता. तोंडात रक्ताची चव होती. मी भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, "एवढं संपू दे. मग निघते मी या घरातून."

मोठ्या आवाजात मी ते पहिल्यांदाच नीट ऐकत होते.