अण्णांचा जोड

गाडीत बसण्याआधी रामोजी अण्णा चपला बाहेर काढून ठेवत. परदेशी गाड्यांच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्यावरून लोक हसत. "देऊळ आहे का अण्णा?" असं कोणी विचारलं की म्हणत, "पायाला आधी कळतं, मीटरला मागून कळतं."

ते आमचे इलेक्ट्रिशियन. घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या बंगळूरातच मुरलेलं. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी साताऱ्याहून नोकरीला आलेली इंजिनिअर. गाडीला कॉम्प्युटर लावून बिघाड वाचणं हे माझं काम. अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला अक्का म्हणत. बायको गेल्यापासून अलसूरच्या घरात ते एकटेच. दुपारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. "घरी मराठी बोलायला कोण नाही की. तुमच्याशी स्वल्प बोललं म्हणजे तोंडातली भाषा वाळत नाही." कोरमंगलाच्या भाड्याच्या खोलीत मीही एकटीच होते. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण डब्यात लोणच्याची एक फोड ते जास्तीची आणत.

एकदा एक मोठी गाडी होसूर रस्त्यावर तीनदा बंद पडली. चालता चालता काटे शून्यावर यायचे, गिअर अडकायचा, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक. अशा गाडीत इंजिन, गिअर, ब्रेक यांचे छोटे कॉम्प्युटर पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून एकमेकांना निरोप देत असतात. माझ्या मशीनवर प्रत्येकाची एकच तक्रार दिसत होती : दुसऱ्याचा निरोप पोचत नाही. का पोचत नाही, ते मला सापडेना. मॅनेजर म्हणाले, "ड्रायव्हरने काहीतरी केलं असेल. लिहून टाका." मी 'चुकीची हाताळणी' असं लिहून खाली सही केली. गाडीच्या मालकाने नागराज नावाच्या त्या ड्रायव्हरला कामावरून काढलं.

गाडी चौथ्यांदा आली, तेव्हा ती अण्णांनी मागून घेतली. अनवाणी आत बसले आणि म्हणाले, "गालिचा ओला आहे." बॅटरी सोडवून त्यांनी त्या दोन वायरींना मीटर लावला. साठ ओहम यायला हवे होते, एकशेवीस आले. म्हणजे वाटेत कुठेतरी एक वायर तुटली होती. त्यांनी गालिचा उचलला. खाली काळी टेप गुंडाळलेला एक जोड होता. टेप सोडली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं.

अण्णा त्या जोडाकडे बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "अक्का, हा माझा हात आहे."

वर्षापूर्वी त्या गाडीला स्पीकर बसवताना त्यांच्याकडून ती वायर कापली गेली होती. ती कशाची, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. हाताने पिळून, टेप लावून त्यांनी ती जोडली होती.

"कोणाला कळणार नाही," मी म्हणाले. "पाणी शिरलं, असं लिहू."

"पाणी शिरलंच की. पण दार मी उघडं ठेवलं. त्या माणसाची नोकरी गेली तेव्हा मी इथंच बसून कॉफी पीत होतो."

त्यांनी सगळ्यांसमोर मॅनेजरांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. नागराजला मात्र मालकाने परत बोलावलं नाही.

त्या रविवारी मी अण्णांबरोबर आनेकलच्या बसने नागराजच्या घरी गेले. दारातच अण्णांनी हात जोडले. "तप्पु नंदे," म्हणाले. चूक माझीच. नागराजने आम्हाला बसायला चटई दिली, कॉफी दिली. तो आता वीटभट्टीचा टेम्पो चालवत होता. अहवालावर सही माझी होती, हे मी सांगितलं नाही. अण्णांनीही सांगितलं नाही. येताना बसमध्ये त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

पुढे ते होसकोटेला लॉऱ्यांच्या गॅरेजमध्ये लागले. मी एकदाच भेटायला गेले. केस पार पिकले होते. "इथं सोपं आहे अक्का," म्हणाले, "दिवा लागतो, नाहीतर लागत नाही." मला सोडायला स्टँडवर आले आणि बोलण्याच्या नादात त्यांनी दोन बस जाऊ दिल्या. मी पुन्हा येते म्हणाले होते. गेले नाही.

काही महिन्यांनी त्यांच्या गॅरेजमधून फोन आला. अण्णा दोन दिवस कामावर आले नाहीत, म्हणून कोणीतरी अलसूरला जाऊन पाहिलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटीच आनेकलला गेले. नागराज अंगणात टेम्पो धूत होता. अण्णा गेल्याचं सांगितलं, आणि मग मोडक्या कन्नडमध्ये सहीचंही सांगितलं. त्याने नळ बंद केला. तो रागावेल, निदान काही बोलेल, म्हणून मी उभी राहिले.

हात पुसत त्याने विचारलं, "शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?"

"कोणी नव्हतं," मी म्हणाले.