तिरप्या रेघेपलीकडचं

जपानमधल्या कुरायोशी शहरातल्या त्या सुपरमार्केटात मित्सुयोला सगळे ओळखत, ते भिंगामुळे. म्हाताऱ्यांसाठी काही ट्रॉल्यांना भिंग बांधलेलं असे. मित्सुयो अडतीस वर्षांची, नजर शाबूत. तरी नेमकी तीच ट्रॉली शोधायची आणि एकेक पाकीट उलटं करून वाचत उभी राहायची.

"टोफू आणायला गेली होतीस की जावई बघायला?" नवरा विचारायचा.

तिला हसू येत नसे. त्यांच्या नऊ वर्षांच्या कानाएची किडनी निम्मीच काम करत होती. कारखान्यातल्या अन्नात फॉस्फेट घालतात, ते पोरीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाकिटावर आधी जिनसांची नावं असतात, मग एक तिरपी रेघ आणि रेघेपलीकडे रसायनं. रेघ दिसली की पाकीट परत फळीवर. हॅम गेलं, माशाच्या वड्या गेल्या, तयार नूडल्स गेल्या. उरला भात, कोबी, मुळा आणि तोलून दिलेला ताजा मासा.

वर्गातली बाकीची मुलं शाळेचंच जेवण जेवत. घरचा डबा एकट्या कानाएचा.

"आई, हारुमी म्हणते, तुझ्या डब्याला दवाखान्याचा वास येतो."

"तिला म्हणावं, आधी नाक धू."

म्हणाली खरी, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात तिला ते गोळे दिसले. दुकानाच्या मागच्या बाजूला, तयार पदार्थांच्या काउंटरवर, कोंबडीच्या खिम्याचे. उघड्या ट्रेमधून चिमट्याने उचलून घ्यायचे. वर पाटी: 'आजच, इथेच बनवलेले.' पाकीट नाही, यादी नाही, रेघ नाही. मित्सुयोला हायसं वाटलं.

पहिल्यांदा फक्त गुरुवारी, दोनच. डबा लख्ख होऊन परत आला. "आज हारुमीने माझ्याकडे एक मागितला!" कानाए दारातूनच ओरडली. मग सोमवारीही गोळे आले. मग रोज.

नोव्हेंबरचा रिपोर्ट वाईट आला.

"खाण्यात काही बदल?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो. मी तर एकही रेघ..."

दवाखान्यातून ती थेट काउंटरवर गेली. तिथे हामादाताई होत्या, साठीच्या, नेहमीच्या.

"ताई, हे गोळे तुम्ही इथेच वळता ना?"

"वळते कसली? संधिवाताने माझी मूठ मिटत नाही. खोक्यातून येतात गोठलेले. आम्ही तळतो, वर सॉस लावतो."

"मग आत काय असतं ते लिहीत का नाही?"

"सुट्या मालावर लिहावं लागत नाही गं." त्यांनी आतून रिकामं खोकं आणून दिलं.

मित्सुयोने ट्रॉलीचं भिंग त्यावर धरलं. तिसऱ्या ओळीत रेघ होती. पलीकडे सात नावं, त्यातलं दुसरं फॉस्फेट.

"कुणासाठी नेत होतीस?" हामादाताईंचा आवाज उतरला. "एकदा विचारायचं तरी."

दुकानातलं प्रत्येक पाकीट वाचणाऱ्या बाईने दोन महिन्यांत हा एक प्रश्न विचारला नव्हता. का, ते तिला ठाऊक होतं. उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानाएने डब्याचं झाकण उचलून पाहिलं.

"गोळे?"

"आता नाही आणायचे, बाळा. ते तुझ्यासाठी चांगले नव्हते. माझी चूक झाली."

कानाएने झाकण परत लावलं. हलकेच, आवाज न करता.

"हारुमीला सांगते, मलाच आवडेनासे झाले," ती म्हणाली.