पयला महिना भरू दे

कोणी दुकानात शिरून "चाचा, बॅनर लावायचं हाय" म्हटलं, की पेंटर ब्रश कानावर खोचायचे आणि पोलीस गाडी अडवतो तसा उजव्या हाताचा तळवा पुढे धरायचे. मग विचारायचे, "कायचं?"

वाढदिवसाचं असलं, पुढाऱ्याचं असलं, दुकानाच्या उद्घाटनाचं असलं, तर हात खाली यायचा. पण "भावाचं भरतीत नाव आलं" असं कोणी म्हटलं, की हात तसाच राहायचा.

"पयला महिना भरू दे. मंग ये."

"चाचा, यादीत नाव हाय त्याचं. मोबाईलवर दाखवू का?"

"यादीत हाय. कामावर हाय का? पयला महिना भरू दे."

केनवडच्या स्टँडवर त्यांचं दुकान आणि माझं दुकान भिंतीला भिंत लागून होतं. माझं हारफुलांचं. हार, गुच्छ, नारळ, शाल. म्हणजे लोकांचा आनंद हाच माझा धंदा. आमच्याकडची रीत तुम्हीही पाहिली असेल. पोराचं नाव यादीत आलं की संध्याकाळपर्यंत गुलाल, ट्रॅक्टर, डीजे, आणि स्टँडवर बॅनर. वर पोराचा फोटो, खाली शुभेच्छा देणाऱ्यांची रांग. शुभेच्छा देणाऱ्यांचे काळे चष्मे त्या पोराच्या तोंडापेक्षा मोठे असतात. जो पेंटरकडून बॅनर न मिळाल्यामुळे रिसोडला जायचा, तो हारही रिसोडहूनच आणायचा. मग माझी झेंडूची टोपली तशीच राहायची.

यावरून आमची भांडणं व्हायची. मी म्हणायची, "पेंटर, तुमच्या हट्टापायी माह्ये हार सुकून राह्यले."

ते म्हणायचे, "भाभी, हार सुकला का फेकता येते. बॅनर सुकत नाई."

माझा नवरा आणि ते लहानपणचे मित्र. म्हणून मी भाभी. नवरा गेल्यावरही ते भाभीच म्हणत राहिले, आणि मी त्यांना तोंडावर बोलत राहिले. माणूस विचित्र होता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. त्यांच्याकडे लॅमिनेशनचं मशीन होतं. कॉलेजातून नवीन पास झालेली पोरं डिग्री घेऊन यायची, आणि हे मशीन झाकून ठेवायचे. म्हणायचे, डिग्रीले प्लास्टिक लावू नको, पुढं कोनं त्यावर शिक्का मारतो म्हनलं तं कुठं मारन? पिशवीत ठेव. घरात कोरड्या जागी ठेव. पोरगा निघून जायचा, आणि यांचे मशीनचे पैसेही जायचे.

पण जो बाकड्यावर बसला, त्याला फुकटात सगळं ऐकायला मिळायचं. नंबर प्लेट रंगवता रंगवता, जीभ दातात धरून, वर न पाहता ते बोलायचे. साहेबानं काही विचारलं अन् येत नसलं, तं येत नाई म्हनून सांग, शिकतो म्हन. डबा एकट्यानं खाऊ नको. पयल्या आठवड्यात कोनाची चुगली आयकू नको, तुले कोन कोनाचा हाय ते मालूम नसते. आणि एक त्यांचं आवडतं होतं. पयली नोकरी म्हंजे लगन नाई, पटली नाई तं सोडता येते. हे बोलताना ते माझ्याकडे पाहायचे, कारण माझं लग्न मला किती पटलं होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. मी फुलं ओवत बसायची.

काही पोरं ऐकायची, काही मोबाईल पाहायची. मलाही वाटायचं, हा माणूस सातवीनंतर शाळेत गेला नाही, कोणाच्या कचेरीत एक दिवस बसला नाही, याला कोणी विचारलं.

मग माझ्या नातीची वेळ आली.

पल्लवी रिसोडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागली. रोज पहाटे रस्त्यानं पळायची. मी म्हणायची, एवढी पळते तर शेतात डबा तरी नेऊन दे. पण पोरगी जिद्दीची. पहिली यादी आली, त्यात तिचं नाव होतं. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, आनंदानं घरभर नाचत होता. तो धावत पेंटरच्या दुकानात गेला. मी शेजारीच बसलेली. मला वाटलं, घरची पोरगी आहे, आज तरी हात खाली येईल.

हात खाली आला नाही.

मुलगा फार बोलला. पोरीचं चांगलं पाहवत नाही इथपर्यंत बोलला. पेंटरांनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "ही कच्ची यादी हाय बाप्पा. पक्की लागू दे. ती रुजू होऊ दे. मी फुकट लावतो, सगळ्यात मोठं."

मुलगा रिसोडला गेला. तिथल्या पोरानं पल्लवीच्या कॉलेजातल्या फोटोवर कॉम्प्युटरनं पोलिसाची टोपी बसवली. टोपी जरा वाकडी होती आणि कान झाकले गेले होते, पण दुरून छान दिसायचं. स्टँडवर बसथांब्याच्या बरोबर वर ते बॅनर चढलं. मिरवणूक निघाली. हार माझेच होते. नात माझी, हार काय बाहेरून आणायचे? पेंटरही आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, पेढा खाल्ला, आणि दुकानात जाऊन बसले.

पक्की यादी लागली, तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. तिच्याहून जास्त गुण असलेल्या मुली वर सरकल्या होत्या. कोणाची चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं, शिव्या देता आल्या असत्या.

पल्लवीनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. जेवण आत जायचं आणि अर्धं परत यायचं. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीत गेली तेव्हा मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. कोणाला काही बोलले नाही. तिनं परत आल्यावर दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

त्यातच फोन आला. भरतीच्या आधी तिनं वाशीमला एका बियाण्याच्या कंपनीत मुलाखत दिली होती. बियाणं उगवतं की नाही ते तपासायचं काम. सोमवारपासून या, म्हणाले. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, मी जाणार नाही. मी विचारलं काहून? तर म्हणाली, "आजी, गाडी कुठून भेटते? त्या बॅनरखालून. मी त्याच्याखाली उभी राहू?"

बॅनर अजून तिथंच होतं. आता ही गोष्ट आमच्याकडचाच माणूस समजेल. बॅनर चढवताना अख्खा गाव शिडी धरतो. उतरवायला कोणीच जात नाही. जो उतरवेल त्याला दहा जण विचारतील, काय झालं? बापाला लाज, म्हणून बाप जाईना. काका-मामांचे फोटो खाली होते, तेही जाईनात. मी म्हातारी, शिडीवर कशी चढू? पोरगी वर हसते आहे टोपी घालून, आणि घरात तोंड झाकून पडली आहे.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, स्टँड माणसांनी भरलेला असताना पेंटर शिडी घेऊन निघाले. शिडी बॅनरला टेकवली आणि चढायला लागले. त्या वयात. लोक जमलेच. कोणीतरी खालून विचारलं, "चाचा, काहून काढून राह्यले?"

पेंटरांनी सुतळी कापता कापता मोठ्यानं सांगितलं, "पाहा नं कसा रंग उडाला. टोपी पाहा, वाकडी. रिसोडचा माल हाय, माह्या दुकानचा नाई. माह्या दुकानासमोर असं काम लटकलं का लोकाइले वाटते मीच केलं."

लोक हसले. रिसोडच्या पोराची चेष्टा सुरू झाली. कोणी म्हणालं टोपी नाही, पातेलं दिसतं. पल्लवीचं नाव कोणी घेतलं नाही. मी माझ्या दुकानात बसून सगळं ऐकत होते. हातातला दोरा पुढे सरकत नव्हता.

त्यांनी बॅनर तोंड आत करून गुंडाळलं, बगलेत धरलं आणि थेट आमच्या घरी. मी मागोमाग. पोरीच्या दाराशी, उंबऱ्यावरच ते बसले. आत गेले नाहीत.

म्हणाले, "बेटा, मी बॅनर काहून देत नाई ते तुले मालूम हाय?"

त्यांनी बॅनरची गुंडाळी मांडीवर ठेवली.

मग त्यांनी सांगितलं. मलाही ते तेव्हाच कळलं, इतकी वर्षं भिंतीला भिंत असून. जुनी गोष्ट. त्या काळी फ्लेक्स नव्हते, भिंती रंगवायच्या. रिठदचा एक पोरगा कुठल्याशा नोकरीसाठी निवडला गेला. गावानं पेंटरांना बोलावलं, शाळेच्या भिंतीवर त्याचं अभिनंदन लिहायला. पेंटर तरुण होते, हौशी होते. गावानं साधा रंग सांगितला, यांनी ऑइल पेंट लावला. अक्षरं माणसाएवढी. पुढं काहीतरी फिसकटलं आणि पोराची नोकरी हुकली. तो रोज त्या भिंतीसमोरून जायचा. त्याच्या बापानं पेंटरांना चुना मारायला बोलावलं. यांनी चुना मारला. पाऊस झाला की भिंत ओली व्हायची आणि अक्षरं चुन्यातून वर यायची. पुन्हा चुना. पुन्हा अक्षरं. एक दिवस पोरगा घरातून निघून गेला.

"मंग?" पल्लवीनं आतून विचारलं.

"मंग काई नाई. आला नाई तो. त्याची माय मरेपर्यंत मले रस्त्यात भेटली का नमस्कार करे. शिवी देल्ली असती तं चाललं असतं."

मग दार उघडलं. कडी नव्हतीच, नुसतं ढकललं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ती म्हणाली, "चाचा, साऱ्या गावानं मले टोपी घातलेली पाह्यलं."

"ते कम्पुटरची होती. तुह्या डोक्यावर कधी चढलीच नाई, तं उतरली कशी?"

ती हसली नाही, पण रडलीही नाही. पेंटर उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, सोमवारी जाय. लोक इचारतीन. जे काम हाय ते सांगजो, एका वाक्यात. लाजू नको, लांबवू नको. मंगळवारी त्यायले दुसरं काम असते.

रविवारी तिनं कपडे धुतले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित नाही म्हणाली असती.

सोमवारी सकाळी मी दुकान लवकर उघडलं. पेंटर आधीच थांब्यावर होते, डबा आणि ब्रश घेऊन. थांब्याच्या खांबावर केनवड लिहिलेलं होतं, चांगलं ठसठशीत. त्याच्यावर पुन्हा रंग मारत होते. काही गरज नव्हती. पल्लवी आली, खांद्याला पिशवी, हातात डबा. चेहरा पांढराफटक. दहा-बारा माणसं गाडीची वाट पाहत होती. सगळी तिच्याकडे पाहायला लागली.

चहावाल्यानंच तोंड उघडलं. "काय मॅडम, ट्रेनिंगले का?"

मी टोपली खाली ठेवली. पेंटरांचा ब्रश थांबला.

पल्लवी म्हणाली, "नाई काका. त्या यादीत माह्यं नाव नाई आलं. वाशीमले चालले, बियानं तपासाले. उगवते का नाई ते पाहाचं काम हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमचं सोयाबीन मांगच्या साली उगवलंच नव्हतं नं?"

बस, एवढं पुरलं. चहावाल्यानं किटली खाली ठेवली आणि मागच्या सालचं सगळं गाऱ्हाणं काढलं. बॅग कोणती, दुकानदार काय म्हणाला, दुबार पेरणी कशी करावी लागली. त्याचं संपायच्या आत दुसऱ्यानं आपलं सुरू केलं. तिसरा म्हणाला, पोरी, माह्या घरी एक बॅग तशीच हाय, आनून देऊ का तपासाले? आमच्या भागात न उगवलेल्या बियाण्याचं दुःख नाही असा एक माणूस दाखवा. भरतीचं नाव कोणाच्या तोंडात आलं नाही. गाडी आली तेव्हा ती एका म्हाताऱ्याला घरच्या घरी गोणपाटात दाणे गुंडाळून उगवण कशी पाहायची ते सांगत होती, आणि म्हातारा सांगत होता की हे त्याला तिच्या जन्माआधीपासून माहीत आहे. दोघं भांडतच गाडीत चढले.

पुढं ती अकोल्याला दुसऱ्या कंपनीत गेली. पहिली नोकरी पटली नाही म्हणून नव्हे, दुसरी जास्त पटली म्हणून. चांगलं चाललं आहे तिचं. तिच्या दाराची कडी मी केव्हाच परत बसवली. पेंटर गेल्या उन्हाळ्यात गेले, झोपेत. त्यांना त्रास झाला नाही, घरच्यांना धावपळ झाली नाही. असं मरण मलाही चालेल. त्यांच्या दुकानात आता मोबाईलवाला बसतो. भला पोरगा आहे, पण गाणी फार मोठ्यानं लावतो.

त्या सोमवारी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी पेंटर ब्रश हातात धरून तिकडेच पाहत उभे होते. मी चहा पाठवला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. मग म्हणाले, "भाभी, त्या बाजाराच्या दिवसापासून डोळ्याले डोळा नाई लागला. आता पडतो जरा." शटर अर्धं ओढलं आणि फरशीवरच आडवे झाले. फक्त पाय बाहेर दिसत होते, टाचेला निळा रंग लागलेला. माशा बसायला लागल्या. मी माझं स्टूल ओढून तिथं नेलं आणि पदरानं माशा वारत, दुपारपर्यंत तिथंच हार ओवत बसले.