तुळशीपर्यंत जाणारी गाडी

"बाये, रुळार परत शेण!"

रोहिदासबाबांची ही गर्जना ऐकली की पार्से गावातल्या आमच्या वाड्यावरच्या बायका देवापाशी दिवा लावायला उठत. संध्याकाळ झाली हे कळायला घड्याळ बघावं लागत नसे. ही बाय म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण, सगुणबाय. ती गर्जना ऐकून न ऐकल्यासारखं करी.

बाबांनी, सगळा वाडा त्यांना 'बाब' म्हणे, उभा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये काढला. निवृत्त होऊन घरी आले आणि वर्षाच्या आत त्यांच्या बायकोचं, शांतावैनींचं, उजवं अंग लुळं पडलं. वैनी दिवसभर बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, खुर्चीत. समोर अंगणात तुळस, पण तिथवर पाय नेईनात. दुसऱ्या कुणी दिवा न्यायचा म्हटलं की म्हणत, "तुळस माजी, दिवोय माजोच." तेव्हा बाबांनी ट्रंकेतून जर्मनीच्या बंदरावर घेतलेली बागेतली आगगाडी काढली. खेळण्यातलीच, पण इंजिन हातभर लांब. बाल्कांवापासून तुळशीपर्यंत आणि तिच्याभोवती पितळी रूळ घातले. वैनींनी डाव्या हाताने पणती लावायची, काचेच्या झाकणाखाली सपाट डब्यावर ठेवायची, बाबांनी विजेच्या पेटीचं बटण फिरवायचं, की दिवा निघाला. लोकांना तो म्हाताऱ्याचा पोरखेळ वाटे. त्या हसणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

घोडं अडायचं ते शेणात. त्या इंजिनाला वीज मिळे ती रुळांतून, चाकांवाटे. शेणाचा पातळसा थर आला तरी ते जागच्या जागी उभं. आणि सगुणबाय रोज अंगणाबरोबर रूळही मनोभावे सारवी. "तुळशीच्या आंगणातलें सारयल्याबगर कशें दवरुचें?" हा तिचा प्रश्न. बाब पॉलिशपेपर घेऊन रूळ घासत, शिव्या घालत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. सोयरेसुद्धा एकमेकांच्या घरी जाईनासे झालेले. काही मंडळी विचारायला आली, तुम्ही कोंकणीकडचे की मराठीकडचे? बाब रूळ घासत होते. मान वर न करता म्हणाले, "पयली गाडी तुळशीकडेन पावूं दी, मागीर विचार."

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला अख्खा वाडा अंगणात जमला. ऊस, चिंचा, आवळे, सगळं सजलं. वैनींनी पणती लावली. गाडी निघाली आणि अर्ध्या वाटेत, ताज्या सारवणात, थांबली. कुणीतरी फिस्सकन हसलं. भटजी म्हणाले, "यंत्रान पावयल्लो दिवो देवाक पावना. खंयचेय सवाशिणीन व्हरचो." सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभर ज्यांनी वैनींना एकदाही हात देऊन तुळशीपाशी नेलं नाही, त्यांनी!

बाब उसळले. "भटजी, तुमी लावडस्पीकरार मंत्र म्हणतत, ते पावतत मगे?"

दिवा शेजारणीने उचलून नेला. वैनींनी तोंड फिरवलं, आणि ते बाबांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी तेव्हा तुये गावातल्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात होतो, सोल्डरिंगची सवय होती. "रुळाकडेन भीक मागपाची बंद," बाब म्हणाले. "बोटीर दर्यांत कोण वायर घेवन येता? आपलें खाण आपल्या पोटांत." बोटीवरच्या जुन्या दोस्ताने पुढच्या फेरीत जपानहून रेडिओचा रिमोट आणला. आम्ही इंजिन उघडलं. चाकांकडून मोटारीकडे जाणाऱ्या तारा बाबांनी स्वतः कापल्या. मागे एक बंद डबा जोडून त्यात चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आणि रेडिओचा रिसीव्हर बसवला, तिथून तारा पुढे मोटारीला दिल्या. रूळ आता नुसते चालायला. रिमोट त्यांनी वैनींच्या मांडीवर ठेवला. "आतां तूंच ड्रायव्हर."

त्या संध्याकाळी सगुणबायने मुद्दाम रूळ सारवले. गाडी ओल्या शेणातून चाकांच्या रेघा ओढत तुळशीपाशी पोचली. वैनी मोठ्याने हसल्या. ते हसू मी विसरणार नाही.

पुढच्या तुळशीच्या लग्नाला भटजी नेमके रुळावर उभे. वैनींनी गाडी सोडली ती थांबवलीच नाही. धोतर सावरत त्यांना बाजूला उडी मारावी लागली.

काही वर्षांनी वैनी गेल्या. लोक लगेच म्हणाले, आता रूळ कशाला? बाब कडाडले, "ती गेली, तुळस खंय गेली?" मरेपर्यंत त्यांनी रोज गाडी सोडली. सगुणबायवर ओरडणंही चालूच होतं, खरं तर आता शेणाने काहीच अडत नव्हतं.

बाबांमागे घर पुतण्याकडे आलं. त्याने रूळ उपटून भंगारात दिले, अंगणाला फरशी घातली, आणि तुळशीवर काळोख पडताच आपोआप पेटणारा बल्ब बसवला. परवा तुळशीच्या लग्नाला मी तिथे होतो. तेच भटजी, आता म्हातारे झालेले, आले. बल्ब पेटला. त्यांनी हात जोडले. "बरो उजवाड पडता," म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वैनींनी हाताने लावलेला दिवा देवाला पावत नव्हता, आणि हा पावतो?

नव्वदी ओलांडलेली सगुणबाय वैनींच्या खुर्चीत बसली होती. त्या चकचकीत फरशीकडे बघत मला हळूच म्हणाली, "आतां कोण बोब मारना रे."

मी अंगणाच्या मधोमध गेलो, आणि भटजी दचकतील एवढ्या मोठ्याने बोंब मारली, "बाये, रुळार परत शेण!"