आमचे हे, ड्रोन आणि परवानगी

आमचे हे रिटायर झाले आणि बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले. पहिला महिना मी काही बोलले नाही. म्हटलं, जन्मभर ऑफिस ओढलंय, बसू दे. पण पुढे पेपर वाचणं बंद झालं, मग जेवताना बोलणंही बंद झालं. ज्यानं बेल मारली की केबिनबाहेर धावपळ व्हायची, तो माणूस समोरच्या टॉवरकडे बघत दिवस काढायला लागला. मी साताऱ्याची, तोंडाची फटकळ, कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण त्या खुर्चीला मात्र घाबरायला लागले. माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय हे दिसत होतं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

पुण्याहून लेकीनं ड्रोन पाठवला. फोनवर म्हणाली, "आई, अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, त्याला नियम हलके असतात. बाबांना कसला तरी नाद लागू दे." यांनी चष्मा लावून खोकं उघडलं तेव्हाच मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

आता घरात नवीन वाहन आलं की पूजा ही झालीच पाहिजे. आम्ही स्कूटीची केली, गाडीची केली, मग यानं काय घोडं मारलंय? हे आंघोळीला गेले तेवढ्यात मी हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि पोटाखाली छानपैकी लिंबू-मिरची बांधली. मग दोघं गच्चीवर गेलो. यांनी बटण दाबलं. ड्रोन गुडघाभर उठला, दारुड्यासारखा झोकांडला आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या गादीवर जाऊन पडला. यांनी उचलून उलटा केला. त्याच्या पोटाला जमीन बघायचा एक बारीक डोळा असतो. त्या डोळ्यावर माझं कुंकू होतं, आणि त्यावर लिंबू आडवं पडलं होतं.

हे तडक खाली आले, ओट्यावरचा वजनकाटा काढला आणि ड्रोन लिंबू-मिरचीसकट त्यावर ठेवला. काटा अडीचशेच्या पार गेला.

"तुझ्या लिंबानं हा वरच्या वर्गात गेला," हे म्हणाले. "आता याला वरचे नियम."

कित्येक दिवसांतलं यांचं हे सगळ्यात लांब बोलणं. एरवी मी भांडले असते. पण इतकं बरं वाटलं, की निमूट लिंबू सोडवलं आणि त्याचं सरबत करून यांना दिलं.

सरबत पिता पिता यांनी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा फोनवर उघडला. खरं तर तो आधी बघायचा असतो. नकाशात लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग. लालमध्ये उडवायचं नाही, पिवळ्यात आधी परवानगी काढायची, हिरव्यात ठरलेल्या उंचीपर्यंत मोकळीक. विमानतळ आमच्या उशाशी, त्यामुळे आमची सोसायटी अख्खी लाल. यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मघाशी नीट उडाला असता तर गुन्हा झाला असता," हे म्हणाले.

"मग? वाचवलं कुणी? लिंबानंच ना?" मी म्हटलं.

त्यानंतर आमची शोधमोहीम सुरू झाली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसलं प्रकरण. जवळच द्रोणागिरीला मोकळी जमीन दिसली, तर शेजारी बंदर. मोरा जेट्टीचं नाव काढलं, तर त्या बाजूला नौदल. सगळं लाल. पण माझा डबा भरून झाला होता, मी साडी बदलली होती, आता घरी बसणार थोडीच? ड्रोन घरी ठेवून आम्ही मोऱ्याला गेलो, कोलंबी घेतली आणि परत आलो. घासाघीस यांनी केली. वाईट केली, पण केली.

एका रविवारी करावे गावाकडे गेलो, खाडीकाठी. उडवायचा नव्हता, नुसती जागा बघायची होती. तरी यांनी बॅग खांद्याला लावलीच. चिखलातून कालवं काढून एक कोळीण वर येत होती. तिनं बॅगेकडे बोट केलं. "याच्यान काय हाय?"

"ड्रोन," हे ऑफिसच्या आवाजात म्हणाले.

"नको उरवू रं बाबा. पाखरं उठतान. आनि आमी बाया चिखलान अस्तो, वरशी फोटू नको काढू."

यांना अरे-तुरे करणारं माणूस कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. यांनी बॅग खांद्यावरून काढून काखेत घेतली. मग पुटपुटले, "इथं लाल आहे. उडवणार नव्हतोच."

गाडीत बसल्यावर माझी सटकली. म्हटलं, "लाल नसतं, तर त्या बाईला न विचारता उडवलाच असता ना? जन्मात कधी कुणाला विचारलंय? बदली घेतली तेव्हा मला विचारलं? फ्लॅट बुक केला तेव्हा? चहा हवा असला तरी 'चहा' म्हणायचं, एक शब्द. नोकर होते का मी?"

हे घरी आले आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. तीच खुर्ची, तोच टॉवर. मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या. जेमतेम उठलेला माणूस मीच परत बसवला होता. तो आठवडा तसाच गेला.

शनिवारी सकाळी हे तयार होऊन उभे. पेणच्या बाजूला हिरवा भाग सापडला होता. ओळखीतून एका शेतकऱ्याचा नंबर मिळवून यांनी त्याला फोनही केला होता. मी चप्पल घातली.

भात कापून झालेलं शेत होतं. बांधावर शेतकरी आणि त्याची बायको उभी होती. आमचे हे पुढे झाले, घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर... उडवू का?" घाम फुटला होता यांना. शेतकऱ्याची बायको म्हणाली, "म्हशी बुजतील, त्या घरी जाऊ देत." हे म्हशी जाईपर्यंत उन्हात उभे राहिले. गोठ्याचं दार लागलं का, ते पण यांनी विचारून घेतलं.

मग ड्रोन उडाला. सरळ, ताठ वर गेला. हे खदखदून हसले. तो आवाज मी विसरूनच गेले होते. मी तिथंच बांधावर बसले.

हे हातातल्या पेटीच्या पडद्यावर बघत होते. एकदम थांबले, मान वर करून माझ्याकडे वळले.

"अगं, तू फ्रेममध्ये येतेयस," हे म्हणाले. "तुझा फोटो काढला तर चालेल का तुला?"

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. मला काही विचारायची यांची ही पहिली वेळ. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "थांबा. विचार करून सांगते."

ड्रोन माझ्या डोक्यावर घोंगावत राहिला. त्याची बॅटरी संपत आली तशी हातातली पेटी टुंईटुंई करायला लागली. हे कासावीस झाले, पण फोटो काढला नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी सावकाश हो म्हटलं.