गुंदच्या रानात एका कादंबरीचे वाटे

पुस्तक फाडणाऱ्या माणसाच्या घरी मी पाणीही पिणार नाही, असं कालपरवापर्यंत छातीठोकपणे सांगायचे. कोल्हापुरातल्या माझ्या कपाटात प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आहे. उसनं मागायला आलेल्यांना मी चहा पाजते आणि रिकाम्या हाती परत पाठवते. अशा बाईला जानेवारीत बँकेतल्या मैत्रिणीने सांगितलं, की कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात गुंदच्या पलीकडे, रानात विखुरलेल्या वाड्या मिळून दर वर्षी एकच पुस्तक वाचतात. यंदा त्यांनी विज्ञान कादंबरी धरली आहे. कुठली, ते ऐकून मी उडालेच. पृथ्वी सोडून निघालेल्या एका यानाची ती गोष्ट, माझ्याकडे जपून ठेवलेली. नाव इथे देत नाही, कारण पुढे शेवट फुटणार आहे. मी लगेच रजा टाकली.

रस्ता सोपा आहे. कोल्हापूरहून सकाळची बेळगाव गाडी, तिथून खानापूरवरून रामनगर. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, पण माझं आधार कोल्हापूरचं, त्यामुळे कंडक्टरने हसत हसत तिकीट फाडलं. गोव्याकडून येणाऱ्यांना रेल्वेने कॅसलरॉकला उतरता येतं, मात्र पुढच्या गाडीची आधी चौकशी करा. रोख पैसे जवळ ठेवा. गुंदकडे मोबाईलची रेंज मिळेल या भरवशावर तर अजिबात राहू नका.

रामनगरला पुढच्या बसला वेळ होता. ट्रकवाल्यांच्या गर्दीतल्या एका चहाच्या हॉटेलात बसले. मिरची भजी झणझणीत होती, चहा गुळमट. मी वाचनाला निघालेय म्हटल्यावर हॉटेलवाल्याचा चेहरा बदलला. चाळिशीचा, सडपातळ माणूस. आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आला.

"मास्तरांकडं द्या. त्यास्नी कळंल."

"कुणी दिलं म्हणून सांगू?"

"कायबी सांगू नगा."

वाडीवरच्या शाळामास्तरांशी माझं फोनवर बोलणं झालंच होतं; शाळेचे पेपर असतील, असं समजून मी ते पिशवीत टाकलं. वर चहाचे पैसे घेतले नाहीत म्हणून मला तो माणूस आवडलासुद्धा.

जोयड्यात बस बदलून गुंदपर्यंत, आणि पुढे जीपने वाडीवर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. राहण्याची सोय शाळेच्या मास्तरांनी फोनवरच शेवंतीअक्कांकडे केली होती. मास्तर तालुक्याला गेले होते, सकाळी भेटणार होते. अक्का पन्नाशीच्या, एकट्या, बोलायला चटपटीत. राहण्याजेवणाचं जे सांगतात ते रास्त असतं, घासाघीस करू नका. नाचणीची भाकरी, वाफवलेले रानातले कंद आणि आमसुलाचं सार पुढ्यात आलं. मी हात धुवायला उठले आणि भिंतीला टांगलेल्या बांबूच्या टोपलीत मला ती पानं दिसली.

माझ्या कादंबरीची पानं. शिवण उसवून मधूनच काढलेली, दोऱ्याने बांधलेली.

"हे कुणी फाडलं?" माझा आवाज चढलाच.

"फाडलं न्हाई वो बाई. वाटे घातले," अक्का शांतपणे म्हणाल्या.

मग कळलं ते असं. ओढ्यात सगळ्यांनी मिळून मासे धरले की इथे पानांवर सारखे वाटे मांडतात, चुलीमागे एक. पुस्तकाचंही तसंच. मास्तर एक प्रत आणतात, ती उसवतात आणि प्रत्येक चुलीला तिचा वाटा जातो. महिनाभर ते घर आपली पानं पाठ होईपर्यंत वाचतं. मग ठरल्या दिवशी सगळे मांडावर जमतात. मांड म्हणजे शिगम्याला, आपल्या शिमग्याला, नाचतात ती गावाची पवित्र जागा. तिथे दिवा लावून प्रत्येक घर आपापला वाटा वाचून दाखवतं आणि गोष्ट जोडली जाते. मांडावर सुरू केलेलं पुरं झाल्याशिवाय दिवा विझवत नाहीत.

"पण झेरॉक्स मारायच्या की!" मी म्हणाले.

"झेरॉक्स मारली तर परतेकाकडं अख्खी गोष्ट हुईल. मग कोन कशाला कुनाकडं यील?"

मी मुकाट्याने दुसरी भाकरी घेतली.

जेवताना त्यांनी धाकट्या भावाचं सांगितलं. पुंडलिक, त्या त्याला तम्मा म्हणायच्या. काही वर्षांपूर्वी वाघांच्या राखीव जंगलासाठी सरकार देतं ते पुनर्वसन घेऊन तो रान सोडून गेला. जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून येणं नाही, बोलणं नाही. यंदा वाटे घालताना अक्कांनी मास्तरांना सांगून शेवटचा वाटा त्याच्या नावाने काढला आणि बसवाल्याबरोबर पाठवला.

"त्यांनी घेतला?"

"परत आला न्हाई. म्हंजे घेतला." अक्कांचे डोळे चमकले. "वाटा परत आला की चूल तुटली, बाई. मग त्यो आमचा न्हवं, आमी त्येचं न्हवं. पन त्यो येनार. उद्या माझ्या बाजूला बसनार."

पिशवीतल्या पुडक्याची मला तेव्हाही आठवण झाली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी पेज पिऊन सगळे मांडावर. शेणाने सारवलेलं अंगण, मधोमध समई, भोवती चटया. अक्कांनी शेजारी एक चटई रिकामी ठेवली होती. वाचन सुरू झालं आणि मी थक्क व्हायला लागले. कुणी अडखळत वाचत होतं, तर कुणी पानाकडे न बघता घडाघडा. यानात भात पिकवतात हे आलं तेव्हा एका म्हाताऱ्या अज्जांनी वाचन थांबवलं.

"पानी कुठल्या वड्याचं?"

"वापरलेलंच शुद्ध करून घेतात, अज्जा," मास्तर म्हणाले.

"मग त्याला चव कुठली? त्यो भात आजाऱ्यालाच द्या."

त्यावरून बराच वेळ वाद चालला. मी ही कादंबरी दोनदा वाचली, पण यानातल्या भाताची चव कशी असेल हा प्रश्न मला पडला नव्हता. यानात जन्मलेल्या मुलाला माती दाखवायला डबीतून काढतात, तो भाग एका तरुण सुनेने वाचला आणि बायका उघड रडल्या. मीही रडले, लपवून काय उपयोग!

दुपारपर्यंत सगळे वाटे झाले. उरला शेवटचा. अक्का सारख्या वाटेकडे बघत होत्या. आणि अशा वेळी मला पुडकं आठवलं. आपण किती कामाचे, अशा थाटात मी उठले.

"मास्तर, रामनगरच्या एका हॉटेलवाल्याने हे तुमच्यासाठी दिलंय."

कागद बाजूला केला तर आत कादंबरीची शेवटची पानं.

मास्तरांनी पुढे केलेला हात विस्तव लागल्यासारखा मागे घेतला. अक्का रिकाम्या चटईवर हात ठेवून बसून राहिल्या.

"बाई, खाली ठेवू नगा!" मास्तर ओरडले. "मांडावर ठेवलं तर परत आलं म्हनायचं. कुनी हातात घेतलं तरीबी तेच."

मी तशीच उभी. अख्खी वाडी माझ्याकडे बघतेय आणि एका घराचं नातं माझ्या हातात. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हणाले, "शेवट मला माहीत आहे. मी सांगू का?"

"त्यो तुमचा वाटा न्हवं," अक्का म्हणाल्या. "तुमी आनलासा, तुमीच न्या."

मास्तरांच्या मोटरसायकलवर मागे बसून, पानं छातीशी धरून, मी पुन्हा रामनगरला निघाले. वाटेतलं रान सुंदर आहे म्हणतात. मी काही बघितलं नाही.

तो हॉटेलवाला, म्हणजे पुंडलिकच, भजी तळत होता. मला बघून त्याने झारा खाली ठेवला.

"घेत न्हाईत?"

"तुम्ही माझ्याकडून हे काय करून घेतलंत!" मी ट्रकवाल्यांसमोरच भडकले. "मला ठाऊक तरी होतं का?"

"मग काय करू?" तोही चिडला. "सगळ्यास्नी मधले वाटे, आनि मला गेलेल्यांचा शेवट. पैल्याच पानावर लिवलंय, यानातली मानसं घरची बोली इसरली म्हनून. अक्कानं टोमना मारला मला."

"पुढचं वाचलंत?"

"कशाला वाचू?"

तोंडावर आलेला शेवट मी कसा गिळला, माझं मला माहीत. फक्त म्हणाले, "वाचा. मी सांगू शकत नाही."

त्याने हात पुसले, पानं घेतली आणि चुलीपाशी उभ्यानेच वाचायला लागला. चहा उतू गेला. मास्तरांनी चूल बंद केली. शेवटचं पान त्याने दोनदा वाचलं. मग गिऱ्हाइकांना म्हणाला, "हॉटेल बंद हाय आता," आणि स्वतःची गाडी काढली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दिवा तेवत होता, कुणीही उठलं नव्हतं. अज्जा चटईवर आडवे होते तेवढेच. पुंडलिक रिकाम्या चटईवर बसला नाही, समोर उभं राहून वाचायला लागला. यानातली माणसं घरची बोली विसरतात. पिढ्या जातात. मग एक म्हातारी जुन्या यंत्रातून पृथ्वीकडे एकच निरोप पाठवते, आणि कादंबरी त्या निरोपावर संपते: "आमची जागा अजून रिकामी आहे का?"

मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडून पुस्तक मिटलं होतं. उत्तर न देता संपवतात का कधी गोष्ट!

पुंडलिकाने पान खाली केलं. शेवंतीअक्का चटईवर थाप मारत म्हणाल्या, "हाय की. बस आता."

तो बसला. अक्कांनी त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि मग तिथेच हात ठेवला. मास्तरांनी समई शांत केली. मी तोंड उघडं टाकून उभी होते, असं नंतर सगळ्यांनी मला हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निघताना अक्कांनी पिशवीत कंद भरून दिले. रामनगरपर्यंत पुंडलिकानेच सोडलं, आणि या खेपेला मी चहाचे पैसे द्यायला गेले तर ओरडला.

कोल्हापुरात कंद काढायला पिशवी उपडी केली तर तळातून दोऱ्याने बांधलेली पानं निघाली. अक्कांनी कंदांखाली सरकवलेला, पुढच्या सालासाठी धरलेल्या पुस्तकाचा एक वाटा. गोष्ट कशाबद्दल, आधी काय झालं, पुढे काय होणार, काही कळत नाही. मधलीच पानं आहेत, एका वाक्याच्या अर्ध्यात सुरू होणारी. पानांच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापलेलं आहे, दुकानात जाऊन अख्खी प्रत आणणं मला अवघड नाही. अजून आणलेली नाही. रोज ऑफिसातून आल्यावर तेवढीच पानं मोठ्याने वाचते. आता बरीचशी पाठ झाली आहेत.